निळ्या ज्योतीतली येसू

केरूच्या गोठ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आरे-वाऱ्याच्या वरच्या सड्यावरची, कातळाच्या पठारावरची, सगळी वाडी तिथे लोटली होती. तांबू गाय डाव्या कुशीला ढोलासारखी फुगली होती. आत्मे बोलावणाऱ्या ज्योतीमहाराजांनी तिच्या तोंडातून पोटात रबरी नळी सरकवली, बाहेरच्या टोकाशी निरांजन धरलं आणि भस्सकन निळी ज्योत पेटली.

"डॉक्टर नाडी बघतात, आम्ही आत्मा बघतो!" महाराज गरजले. "येसूबाई, ओळख दे!"

ज्योत फुरफुरली. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. केरू हात जोडून शेणातच बसला.

आदल्या दिवशी त्याच्या बायकोचं, येसूबाईचं, तेरावं झालं होतं. तांबू तिनेच वाढवलेली. गोग्रास म्हणून गाईला घासभर भात देतात. केरूने उरलेला अख्खा टोप पुढे ठेवला. येसूच्या नावाचं अन्न, ते कुणासाठी राखायचं? गाईने टोप चाटूनपुसून साफ केला आणि सकाळपासून तिचं रवंथ बंद झालं.

"बायको हिच्यात उतरलीय तुझी," महाराज म्हणाले. "औषधाचा थेंब गेला की ती कायमची जाईल. अमावास्येपर्यंत दाणापाणी बंद."

हवा निघाल्यावर कूस बसली, पण गाय खाली बसली ती उठेना. केरू तिच्या कानाशी बोलत राहिला. "येसू, रागावलीस काय गो?"

शेजारच्या गंगाला ते बघवेना. तिने गुरांच्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टर समीक्षा आली, तसा केरू आडवा आला.

"हात लावायचा नाय! आत माझी येसू हाय."

समीक्षाने वाद घातला नाही. तिने गंगाच्या धडधाकट बैलाच्या पोटात नळी घातली आणि टोकाशी काडी ओढली. तीच निळी ज्योत!

"अगो बाय!" गंगा ओरडली. "ह्याच्यात कोण उतरलं? आमचे हे तर पडवीत चाय पितायत!"

सगळे हसले. केरू हसला नाही.

समीक्षाने बैलाच्या पोटातलं हिरवट पाणी नळीतून ओढलं, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि केरूला डोळा लावायला सांगितलं. आत केसाळ ठिपके धावत होते, गरगरत होते, एकमेकांना ढकलत होते.

"हे प्रोटोझोआ, बाबा. चारा पचवायला मदत करतात. ते हायड्रोजन सोडतात, त्यांच्याजवळचे आणखी बारीक जीव त्याचा मिथेन करतात. जळतो तो मिथेन. एरवी तो ढेकरेतून जातो. तांबूची ढेकर अडली, म्हणून ती फुगली."

केरूने डोळा काढून तांबूकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "हिचं बघा."

तांबूच्या थेंबात ठिपके होते. एकही हलत नव्हता.

"भात पोटात भराभर आंबला. त्या आंबटात हे मेले. आता हिला गवत पचायचं नाही."

"माझ्या भातानं?"

"तुम्ही मायेने दिलात. एवढा तिला सोसला नाही."

"आणि येसू?"

"ती इथे नाही, बाबा."

केरूने गाईच्या मानेवर डोकं टेकलं. हिला औषध दिलं तर गोठ्यात हाक मारायला कुणी उरणार नव्हतं. शेवटी तो उठला आणि आंबट मारणाऱ्या खायच्या सोड्यासाठी कोमट पाणी घेऊन आला. सोडा पाजून झाल्यावर समीक्षाने बैलाचं ते जिवंत पाणी आणखी काढून, गाळून, गरम असतानाच तांबूच्या पोटात सोडलं. गाईचा जबडा केरूनेच धरला होता.

दुसऱ्या संध्याकाळी तांबू उठली, चार काड्या खाल्ल्या, मग हळूहळू रवंथ करू लागली. केरू पडवीत जाऊन मोठ्याने रडला. येसू गेल्यापासून तो रडलाच नव्हता.

अमावास्येला महाराज आले. "ज्योत पेटवायची ना?"

"येसू मेली," केरू म्हणाला. "नळी घेऊन चालते व्हा."

गेलेलं माणूस परत आलंय असं कुणी सांगितलं, तर ऐकावंसं वाटतं. त्यात लाज नाही. पण ज्योत कशाने पेटली, एवढं विचारायचं धाडस करा. आणि उत्तर मिळेपर्यंत दारच्या जिवंत जिवाचं पाणी तोडू नका.