महिपतरावांची ॲलर्जी

वर्तकनगरच्या महिपतरावांना ॲलर्जी होती. म्हणजे कोणी तपासली नव्हती. पण ते तसं सांगायचे, आणि त्यांनी सांगितलेलं तपासून बघायची त्या घरात पद्धत नव्हती.

शिंका नाहीत, डोळ्यांना खाज नाही, नाक मात्र बारा महिने चोंदलेलं. त्यापायी बायकोने, मालनने, कापसाच्या गाद्या काढल्या, पडदे उतरवले, कुंड्या शेजारी देऊन टाकल्या. जिन्यात मांजर दिसलं की महिपतराव सोसायटीच्या ग्रुपवर निषेध नोंदवायचे. एवढं करून नाक उघडायचं ते औषधाच्या दुकानातल्या थेंबांनीच. एक बाटली उशीखाली, एक स्कूटरच्या डिकीत, एक देव्हाऱ्यात.

शेवटी मालनच त्यांना नाकाच्या डॉक्टर विनितांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी हातावर बारीक टोचून बघितलं: धूळ, परागकण, झुरळ, मांजर. कशाचीच गांधी उठली नाही.

"काका, अभिनंदन. ॲलर्जी नाही."

कुणी पदक परत मागितल्यासारखा महिपतरावांचा चेहरा झाला. "नाही कशी? चार वर्षं आहे!"

"नाक चोंदतं ते खरंच आहे. पण काही नाकं नुसत्या उग्र वासाने, थंड हवेनेही चिडतात. अगरबत्ती लावता?"

"एखादी."

"पुडा," मालन म्हणाली.

"आणि हे थेंब. थोडे दिवस ठीक, पण रोज घातले की तेच नाक बंद करतात. मग उघडायला पुन्हा थेंब. ते आता बंद. पाणी उकळून, गार करून त्यात मीठ घालायचं आणि नाक धुवायचं. थेंबांऐवजी हा स्प्रे रोज मारा, याची तशी सवय लागत नाही. मात्र धीर धरा."

रिक्षात बसल्यावर महिपतरावांना एकच काळजी. "आता लोकांना काय सांगायचं?"

पुढचे काही दिवस घराने सोसले. महिपतराव तोंड उघडं टाकून फिरत होते. बाटल्या मालनने मोरीत ओतलेल्या.

"अगं, माणूस मरेल!"

"तोंडाने घेताय ना श्वास? मग नाही मरत."

आणि एका दुपारी मालन बोंबील तळत असताना ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "किती छान वास सुटलाय गं," म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदाच. मालनचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून थेंबांचे धोके महिपतराव सोसायटीला समजावू लागले, जणू शोध त्यांनीच लावलेला. शिवाय आता त्यांना सगळ्याचेच वास यायला लागले. फ्रिजला वास, चादरीला वास, मालनच्या पदराला कांद्याचा वास. रविवारी ताटावर बसून त्यांनी वाटी नाकाशी नेली. "आमटीला कच्चट वास येतोय."

मालनने गॅस बंद केला, साडी बदलली आणि पिशवी भरली. "मी शहाडला सगुणाकडे चाललेय. बहिणीकडे राहीन दोन दिवस. डाळ डब्यात आहे. करा, वास घेत घेत."