टोकेकरांच्या विहिरीतले मासे

ते साल दोन हजार तेवीस. अधिक श्रावणाचं साल म्हणून पुष्कळांच्या लक्षात आहे. त्या वर्षी इंदूरला सण सगळे लांबले, ऑगस्ट कोरडा गेला आणि गणपतीच्या तोंडावर दोन दिवसांत असा पाऊस कोसळला की स्नेहलतागंजच्या गल्लीत लोक चपला हातात घेऊन चालले. यमुनाबाई टोकेकरांना मात्र ते साल आठवतं ते मागच्या अंगणातल्या विहिरीपायी.

यमुनाबाईंचे सासरे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. त्यांनी घर घेतलं तेव्हा विहीर होतीच. मलेरिया खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी बरणीभर गप्पी मासे आणले आणि विहिरीत सोडले. बोटाच्या पेराएवढे मासे, पण दिवसभर डासांच्या अळ्या मटकवायचे. तेव्हापासून टोकेकरांकडे एक रीत पडली. नवी सून घरात आली की आधी देवाला नमस्कार आणि मग विहिरीवर जाऊन माशांना मूठभर भिजवलेले पोहे. यमुनाबाईंनी ते घातले तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. शेजारच्या शारदाबाई काठाशी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "घाल गं भरभरून, यांच्याकडे सासूपेक्षा मासे लवकर खूश होतात." त्या दिवसापासून दोघींचं जे जमलं ते सेहेचाळीस वर्षं टिकलं. भिंतीवरून वाटी इकडून तिकडे गेली नाही असा दिवस नसे.

यमुनाबाईंची सून क्षितिजा पुण्याची, इंदूरजवळच्या राऊच्या एका कॉलेजात शिकवायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पोहे घालताना ती वाकून बघत म्हणाली, "आई, हे तर माझ्याआधीच नाश्त्याला बसले." मासे ओळखीचे असल्यासारखे वर आले होते. यमुनाबाईंना ते फार शुभ वाटलं.

आता जूनमधली गोष्ट. क्षितिजाला तिसरा महिना लागला होता आणि विहिरीत कबूतर पडून मेलं. मुलानं, हृषीकेशनं, ते काढलं आणि वर लोखंडी जाळी बसवून घेतली. पाणी भांड्यांना आणि झाडांनाच लागे, पण वास जाईना. घरात पोटुशी सून, आणि गाव असं की अंगणात पान पडलेलं दिसलं तर माणसं ओशाळतात. यमुनाबाईंनी सियागंजच्या बाजारातून ब्लीचिंग पावडर आणवली. सासूबाईंचं माप त्यांना पाठ होतं : विहिरीला तीन डबे. दुपारी घर रिकामं असताना त्यांनी तीन डबे बादलीत कालवून ओतले.

सासूबाईंचं माप भरलेल्या विहिरीचं होतं. त्या जूनमध्ये पाणी जेमतेम कमरेइतकं उरलं होतं.

सकाळी जाळीखाली सगळं पांढरं दिसत होतं. मासे पोट वर करून तरंगत होते. यमुनाबाईंनी जाळीचं दार उचललं. नवी सून ज्यांना खाऊ घालते ते मासे, आणि तिच्या पोटात बाळ असताना आपल्या हातून मेले. हे कुणाला सांगायचं? दोराला चाळणी बांधून त्यांनी हाताला लागले तेवढे काढले, पेरूखाली खड्डा केला आणि पुरले. बाकीचे तळाशी गेले. क्षितिजाला सांगितलं, "दिवस आहेत तोवर विहिरीत वाकू नये." ती हसली, पण वाकली नाही.

ब्लीचिंगचा वास आठवड्यात उडाला. तळाशी कुजलेलं उरलं. मग पाऊस झाला, पाणी चढलं, आणि जाळीच्या भोकांतून जे आत जाऊ शकत होतं ते जात राहिलं.

ऑगस्टच्या शेवटी गल्लीत ताप आला. आधी कोपऱ्यावर इस्त्री करणाऱ्या प्रेसवाल्याला, मग त्याच्या बायकोला. महापालिकेचा मलेरियावाला, समीर, पाठीवर पंप आणि हातात वही घेऊन घरोघर फिरू लागला. टोकेकरांकडे आला तेव्हा क्षितिजा ओट्यावर पाय वर घेऊन पेपर तपासत बसली होती.

"अम्माजी, कूलर खाली है?"

"आहे रे रिकामा. बघ जाऊन."

"और पीछे कुआँ है न?"

यमुनाबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती मान वर करून ऐकत होती. "आहे. पण जाळी आहे त्याच्यावर. आणि मासे आहेत आत. सासऱ्यांच्या वेळचे."

"मछली है?" समीर खूश झाला. "फिर क्या टेंशन. काश सब के यहाँ होती." त्यानं वहीत खूण केली आणि तो शेजारी शारदाबाईंकडे गेला.

'मासे आहेत आत', हे एक वाक्य. पुढं कितीतरी दिवस ते यमुनाबाईंच्या कानात वाजत राहिलं.

गणपती बसायच्या तीन दिवस आधी क्षितिजाला ताप भरला. डोळ्यांच्या मागं दुखतं म्हणाली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला : डेंग्यू. सहावा महिना. डॉक्टरीणबाईंनी हृषीकेशला बाजूला घेऊन सांगितलं की दोघांनाही धोका आहे, पुढचे चार दिवस काढायचे. प्लेटलेट ब्याण्णव हजार होत्या, संध्याकाळी एकसष्ट झाल्या. यमुनाबाई हॉस्पिटलच्या बाकावर बसून होत्या. सुनेच्या हिरड्यांतून रक्त आलेलं त्यांनी पाहिलं होतं. पोटावरच्या पट्ट्यातून बाळाचे ठोके ऐकू येत, तो आवाज जरा हलला की त्या उठून दाराशी जायच्या.

"आई, तू घरी जा," हृषीकेश सकाळी म्हणाला. "हिचे कपडे आण. आणि शारदामावशींनाही ताप आहे म्हणे, जरा बघून ये."

शारदाबाईंना ताप आहे हे ऐकून त्या उठल्याच. घरी पोचल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. भिंतीपलीकडून शारदाबाईंच्या मुलाचा, नंदूचा, फोनवर आवाज येत होता, "नहीं भिया, मम्मी कुछ खा ही नहीं रही."

यमुनाबाई कपडे घ्यायला गेल्याच नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मूठभर पोहे भिजवले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. कदाचित एखादा मासा वाचला असेल, कदाचित एक तरी वाचवला एवढंच कबूल करवून घ्यायचं होतं देवाकडून. त्यांनी जाळीचं दार उचललं आणि पोहे टाकले.

पोहे तरंगत राहिले. काही वर आलं नाही. पाणी काठापासून दोन हात खाली होतं, ऊन सरळ आत पडलं होतं, आणि त्या उन्हात पाणी वळवळत होतं. सगळंच पाणी. डोकं खाली लोंबकळत ठेवलेल्या हजारो बारीक काड्या, एकदम आत बुडणाऱ्या, एकदम वर येणाऱ्या. काठाच्या दगडावरून काळेपांढरे पट्टे असलेले डास उठले आणि भरदिवसा त्यांच्या हातावर बसले. त्यांनी ते झटकलेसुद्धा नाहीत. एवढी वर्षं त्या इवल्या तोंडांनी हे खाऊन संपवलं होतं, म्हणून ही गल्ली तापापासून वाचली होती. ती तोंडं यमुनाबाईंनी चाळणीनं काढून पुरून टाकली होती.

आता सांगितलं तर काय होईल ते त्यांना दिसत होतं. मुलगा तोंड फिरवेल. सून ऐकेल आणि या अवस्थेत मनाला लावून घेईल. शारदा... आणि नाही सांगितलं तर उद्या यातून आणखी उठतील, कुणाच्या तरी घरात जातील.

पदर खोचून त्या अनवाणी बाहेर गेल्या. समीर कोपऱ्यावर कुणाची तरी टाकी उघडून बघत होता.

"समीर, माझ्या विहिरीत मासे नाहीत," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये मेले. मीच मारले. तुझ्याशी खोटं बोलले."

समीरनं त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. पंप उचलून तो मागोमाग आला. विहिरीत वाकून त्यानं पाहिलं. "अम्माजी," तो हळू म्हणाला, "और मैं पूरी गली के गमले उलटाता फिर रहा था."

भिंतीपलीकडून नंदू हे ऐकत होता. तो म्हणाला, "काकू, मम्मी तर रोज सकाळी इथंच उभी राहते. तुमच्याशी बोलायला." एवढंच. ते रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

समीरनं दुपारीच विहिरीत तेल फवारलं. हृषीकेशला यमुनाबाईंनी हॉस्पिटलच्या जिन्यात सांगितलं. तो ऐकून वर निघून गेला. क्षितिजाला त्या काहीच सांगणार नव्हत्या, पण दुसऱ्या दिवशी प्लेटलेट अठ्ठावीस हजारांवर आल्या तेव्हा तिनंच विचारलं, "आई, तुम्ही माझ्याकडे बघत का नाही?"

त्यांनी सांगितलं. क्षितिजा सुकलेल्या ओठांनी म्हणाली, "मला अपशकुन वाटेल म्हणून लपवलंत? मी कॉलेजात बायोलॉजी शिकवते, आई. मला नुसतं मासे मेले एवढं सांगितलं असतं ना, तर मी दुसरे आणले असते." ती रडत नव्हती. यमुनाबाईच रडल्या.

गणपती त्या वर्षी घरात बसला नाही. पाचव्या दिवशी आकडा थांबला, सहाव्या दिवशी वर चढला. त्याच दिवशी शारदाबाई दुसऱ्या हॉस्पिटलात गेल्या. त्या सत्तर वर्षांच्या होत्या, त्यात साखरेचं दुखणं. त्या घरी परत आल्या नाहीत, यमुनाबाईंना त्यांना शेवटचं भेटताही आलं नाही.

क्षितिजाला नोव्हेंबरच्या शेवटी, दिवस भरायच्या आधी, मुलगी झाली. अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. आता दोन वर्षांची आहे आणि घरभर धावते. तिचं नाव अनुश्री. क्षितिजा पुन्हा कॉलेजात जाते. विद्यार्थ्यांना ती या विहिरीचं उदाहरण देते, सासूचं नाव घेत नाही. हृषीकेश आईशी नीट बोलायला लागला तो अनुश्रीच्या बारशानंतर. समीरची बदली झाली. जाण्याआधी तो एका पिशवीत पन्नास गप्पी मासे घेऊन आला आणि त्यानं ते यमुनाबाईंच्या हातून सोडवले. नंदूनं वर्षभरात घर विकलं आणि तो राऊला फ्लॅटमध्ये गेला. जाताना पाया पडला, पण चहाला थांबला नाही.

यमुनाबाई तिथंच आहेत. रोज सकाळी त्या जाळी उचलून मासे मोजायचा प्रयत्न करतात, ते मोजू देत नाहीत. भिंतीपलीकडे आता कुणी उभं राहत नाही. आणि भरदिवसा कानाशी डास गुणगुणला तर अजून त्यांच्या हातातलं काम थांबतं आणि तो कुठून आला असेल हे बघायला त्या उठतात.