कच्ची कॉपी

टेबलावर तीन ट्रे होते. पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात साधे पाणी, तिसऱ्यात फोटो पक्का करणारा हायपो. डेव्हलपरचा ट्रे बर्फाच्या परातीत ठेवलेला होता, कारण नागपुरात मे महिना चालू होता. पाण्यात एका लग्नाच्या छत्तीस कच्च्या कॉप्या तरंगत होत्या, प्रत्येक निगेटिव्हच्याच आकाराची, आगपेटीहून थोडी मोठी. त्यांतली एकही हायपोत जाणार नव्हती.

रुपराव त्या चिमट्याने उचलून दोरीला लावत होता. त्याची नखे डेव्हलपरने कायमची तपकिरी झाली होती.

हायपोचा नियम मालकाचा, विश्वनाथबाबूंचा. पूर्वी स्टुडिओ गिऱ्हाइकांना निवडीसाठी पोस्टकार्डाएवढ्या कॉप्या देई. लोक त्या घरी नेत आणि परत येत नसत. तेवढ्यावर त्यांचे भागे. मग कॉप्या लहान केल्या. लोक त्याही खिशातल्या पाकिटात ठेवू लागले. शेवटी विश्वनाथबाबूंनी कच्च्या कॉप्यांचा हायपो बंद केला. हायपोत न बुडवलेला कागद उजेडात हळूहळू काळवंडत जातो. तोवर गिऱ्हाइकाने निवड करून पक्का फोटो सांगावा, असा हिशेब होता. कॉपीच्या मागे तसा शिक्काही असे.

रुपराव इथे लागला तेव्हा मिसरूड फुटत होते. आता मुलगी कॉलेजात होती. या वर्षांत त्याने निम्म्या शहराचे चेहरे धुतले असतील, पण रस्त्यात त्यांतला एकही त्याला ओळखू येत नसे. सीताबर्डीच्या गर्दीतून सायकल हातात धरून जाताना त्याला वाटे, हे सगळे उलटे, काळ्याचे पांढरे झालेले दिसले तर कदाचित ओळखू येतील.

“रुपराव, बाहेर ये गा,” विश्वनाथबाबूंनी हाक मारली. “कोराडीहून बाई आली हाये. माहं डोकं खाऊन राहिली.”

बाकावर पन्नाशीची एक बाई बसली होती. नाव मनकर्णा. मांडीवर पोह्यांचा डबा. त्यातून तिने फडक्यात बांधलेला एक चौकोनी तुकडा काढला. विटेच्या रंगाचा कागद होता तो. नीट पाहिले तर दोन डोकी असावीत असे वाटे.

“आमचा दोघायचा फोटो हाये,” ती म्हणाली. “तुमच्याच इथं काहाडला. चार वर्सं झाली. मालक वारले माहे, काविळीनं. आता गोपिकाचं लगन हाये. मांडवात बापाचा फोटो लागते ना भाऊ, मोठा करून द्या.”

“निगेटिव्ह?” रुपरावने विश्वनाथबाबूंकडे पाहिले.

“चार वर्साचं कुठून राहीन? दिवाळीले सारी रद्दी जाते, तुले मालूम नाई काय?” विश्वनाथबाबू म्हणाले. गिऱ्हाइकाने पक्के न मागितलेल्या फोटोंची निगेटिव्हे दर दिवाळीला चांदीसाठी विकली जात. “मी बाईले तेच सांगून राहिलो. ह्यात काई नाई उरलं.”

“असा कसा झाला हा?” रुपरावने विचारले. “काळा होतो, पन एवढा नाई.”

मनकर्णा थोडी ओशाळली. “लाकडी पेटीत ठेवला होता. जरा लालसर दिसाले लागला, तं मले वाटलं पेटीच्या ओलीनं सील लागली. मंग कुरडया टाकल्या होत्या खाटेवर, त्याच्या बाजूले उन्हात ठेवला. दोन दिस. सील निघून जाईन म्हटलं.” तिने फडक्याची घडी घातली. “उन्हानं तं सारंच सुधरते ना.”

विश्वनाथबाबू हसू दाबत होते. “घ्या! कुरडईसंगं नवरा वाळवला!”

“वाळवला तं वाळवला,” मनकर्णा म्हणाली. “जित्तेपनी कोनतं ऐकलं त्यानं माहं? सावलीत बस म्हटलं तं टपरीवरच बसे.”

रुपरावने तो कागद तळहातात झाकला. “बाई, आत या.”

“आत कायले? डार्करूम हाये का धर्मशाळा?” विश्वनाथबाबू मागून म्हणाले. रुपरावने पडदा ओढून घेतला.

आत फक्त तांबडा दिवा होता. मनकर्णा दाराशीच चाचपडत उभी राहिली. रुपरावने कागद दिव्याखाली धरला. तांबड्या उजेडात तांबूस डाग आणि पांढरा कागद यांत फरक उरत नाही. विटेचा रंग नाहीसा झाला. मागचा पडदा दिसू लागला, कठड्याची नक्षी, आणि खुर्चीवर बसलेला एक माणूस. डोक्याला पांढरी टोपी, ओठ घट्ट मिटलेले. शेजारी उभी असलेली ही.

मनकर्णा वाकली.

“हाये की,” ती म्हणाली. “हा तं हाये इथंच.” मग म्हणाली, “टोपी तुमच्याइथली होती. त्याले मोठी होत होती. पाहा ना, कानावर आली.”

“बाई, हा कच्चा फोटो हाये. पक्का कराचं एक औषध असते, ते ह्याले लावलंच नाई. मांगं शिक्का हाये तसा.”

“मले वाचता नाई येत.” तिने मान वर केली. “तुमाले मालूम होतं, हा जाईन म्हणून?”

“हो.”

“कोनं केला होता?”

“मीच करतो सारे.”

बाहेर कोणीतरी पासपोर्टचा फोटो मागत होते.

“आता ऐका,” रुपराव म्हणाला. “मोठा कराचा तं आधी ह्याचा फोटो काहाडा लागते. त्याले दोन मोठे दिवे लागतात. तेवढ्या उजेडात उरलंसुरलं बी जाईन. म्हणून आधी ह्याले औषधात टाकतो. काळं होनं थांबन. पन कागद जुना हाये, उन्हात तापला हाये. वरची साय सुटली, तं चेहरा पान्यात जाईन. मंग काईच नाई.”

“अन् नाई टाकला तं?”

“तं तुमी इथं येऊन पाहान. ह्या दिव्यात. तोई एखाद-दोन वर्सं.”

मनकर्णाने पुन्हा वाकून पाहिले. तिने पदराने चेहऱ्यावरचा घाम टिपला, कागदावर पडू नये म्हणून.

“गोपिका मोठी होती फोटो काहाडला तेव्हा, तरी बी,” ती म्हणाली. “तिले चेहरा याद नाई राहिला. मले म्हणते, आई, नाक कसं होतं? मले सांगता नाई येत. टाका भाऊ.”

“दोघायचं मोठं नाई होनार, चेहरे बारीकच राहतीन. एकाचंच होईन.”

“त्याचंच करा. मी काय, हावोच.”

रुपरावने परातीतला बर्फ फोडून हायपोच्या ट्रेभोवती लावला. कागद बोटांनीच सोडला. चिमट्याने साय निघाली असती. ट्रे हलवायचा असतो, तो त्याने हलवला नाही. एका कोपऱ्यात, मनकर्णाच्या खांद्यापाशी, फोड आला आणि फुटला. तिथला तुकडा सुटून ट्रेच्या तळाशी गेला. तिने तो पाहिला.

“माहाच गेला,” ती म्हणाली. “जाऊ द्या.”

बाकीचा टिकला. धुऊन, काचेवर पसरून त्याने तो वाळवला. भिंगावर तांबडी काच लावून त्याचा फोटो घेतला, फिल्म धुतली, पंख्याखाली टांगली. मनकर्णा बाकावर बसून राहिली. पाचच्या सुमारास विश्वनाथबाबूंनी तिच्यासाठी चहा मागवला आणि स्वतः कपाटात एखादी चौकट शोधू लागले.

मोठा कागद डेव्हलपरमध्ये गेला तेव्हा आधी टोपी आली, मग भुवया. रुपरावने हे रोज पाहिले होते. आज तो ट्रेच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा राहिला. आणखी मोठे केले असते तर डोळ्यांचे नुसते ठिपके झाले असते, म्हणून आकार त्याने एवढाच ठेवला होता. हा कागद त्याने हायपोत पुरता ठेवला.

वाळल्यावर चौकटीच्या पुठ्ठ्याला खिडकी कापायची होती. मनकर्णा टेबलाशी उभी होती. रुपरावने चेहऱ्यावर लोखंडी पट्टी ठेवली. टोपीच्या कडेपासून हनुवटीपर्यंत तो दोन इंचांना एक सूत कमी भरला. नाक पूर्ण आले होते. उजवा कान टोपीखालीच राहिला होता.