गंजीच्या पोटातली ऊब

सदाशिवरावांचा स्वभावच असा, की कोणी भलं करायला आलं तरी आधी त्यात त्याचा फायदा काय, ते शोधायचं. घाटंजीकडच्या त्यांच्या शेतात कापलेल्या सोयाबीनची गंजी रचलेली होती, मळणी व्हायची होती. माल जरा दमट होता आणि पुढच्या पेरणीचं सारं बियाणं त्यातच होतं. तेवढ्यात बंगालच्या उपसागरातलं वादळ विदर्भाकडे निघाल्याची बातमी आली.

तांड्यावरचा बाबूसिंग आपलं मळणीचं थ्रेशर घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, हजर झाला. "भाऊ, तुमच्यात बियानं आहे. पह्यले तुमची गंजी काढू, माही मंग पाहू."

स्वतःची सोडून माझी? सदाशिवरावांच्या मनात पाल चुकचुकली. याला आपल्या बियाण्याचं नवं वाण हवं असणार, दुसरं काय! त्यांनी गंजीवर ताडपत्री ओढली आणि कडा दगडांनी दाबून टाकल्या.

सून निकिता कॉलेजात हवामान शिकलेली. ती म्हणाली, "मामाजी, ऐका त त्यांचं. थंड मुलखातलं वादळ पोटात गार असते, त्याचा जोर वर आभाळात. हे समुद्रावरचं. बुडापासून शेंड्यापर्यंत पोट गरम, अन् जोर खाली जमिनीजवळ. समुद्र सुटला का वारा पडते, पन पानी थांबत नाही."

"बाहेर गार वारा अन् पोट गरम? कोनाले शिकवून राह्यली?"

दोघं एकाच सुरात बोलतात, म्हणजे नक्की संगनमत आहे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

वारा वाटेतच मोडला, पण झड लागली ती लागलीच. मधल्या उघाडीत बाबूसिंगनं हाक दिली, "गंजीले हवा द्या, भाऊ. आतून तापते ते."

बघा, अजून उघडायलाच लावतोय! सदाशिवरावांनी आणखी दोन दगड ठेवले.

ऊन पडलं तेव्हा त्यांनी ताडपत्री काढून गंजीत हात खुपसला. वरचा थर गारठलेला, मनगटापाशी कोमट, आणि कोपरापर्यंत हात गेला तसा चटका बसला. मुठीत काळे, कुबट दाणे आले. बियाणं गेलं होतं.

"बाहेर गार, अन् पोटात..." त्यांनी मूठ उघडून दाणे खाली सोडले. मग मागे उभ्या निकिताला हळूच विचारलं, "बाबूसिंगची तरी निघाली?"

"नाही," निकिता म्हणाली. "तुमी हो म्हनसान म्हनून पानी येईपर्यंत त्यांचं थ्रेशर आपल्याच धुऱ्यावर उभं होतं. त्यांची गंजी उघडीच भिजली. ताडपत्री नव्हती त्यांच्याजवळ."

सदाशिवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ताडपत्रीची घडी खांद्यावर टाकली आणि तांड्याची वाट धरली. आता ती नेऊन काही उपयोग नाही, हे त्यांनाही कळत होतं.