शेंदराखालचं लोखंड

“भोक पाडणं सगळ्यात शेवटी, पोरी. आधी पाइप काय म्हणतो ते बाहेरून ऐक.”

नेपानगरच्या कागद गिरणीत जन्म काढलेले देवराम लेकीला नेहमी असं सांगायचे. आज त्यांची रंजिता शाहपूर रस्त्यावरच्या छोट्या पुठ्ठा-कारखान्यात हातात एक पट्टा घेऊन उभी होती.

इथे केळीच्या खोडांचा लगदा पाइपातून जायचा. दाब दाखवणाऱ्या गेजचं तोंड तंतूंनी आठवड्यात बुजायचं. काटा चार बारवर बसला तो बसलाच, पंप चालू असो की बंद. गेल्या महिन्यात जोड उडाला आणि पंपावरच्या कडूकाकांचा खांदा सोलवटून निघाला. कारखाना सांभाळणारे निरंजन साहेब म्हणत होते, दुसरं भोक पाडू, दुसरा गेज लावू. रंजिताचं म्हणणं, तोही बुजेल. दाब वाढला की पाइप फुगतो. केसाहूनही कमी, पण फुगतो. वरून आवळलेला हा पट्टा तेवढं फुगणं मोजून आतला दाब सांगतो. साहेबांनी पाळी बदलतानाची दहा मिनिटं दिली. पंप थांबलेला असतानाच पट्टा बसवून शून्य धरायचं होतं.

सरळ, मोकळा पाइप एकाच जागी होता. नेमके तिथंच कडूकाकांनी दर दसऱ्याला लावलेल्या शेंदराचे थर. पट्ट्याला तर कोरं लोखंड हवं.

काका आडवे उभे राहिले. “देवावर कानस चालवशील, बेटी? तू तर उपासतापासवाली ना?”

“आज चतुर्थीच आहे, काका,” ती हळूच म्हणाली. “एक कण खाली पडू देणार नाही. सुट्टी झाली की आधी तापीमाईत सोडून येईन, मग घरी.”

काका बाजूला झाले. मग खांद्यावरचा गमछा काढून त्यांनी पाइपाखाली धरला. “घिस मग. चार मिनट तर गेले.”

लोखंड उजळलं. पट्टा आवळला, शून्य धरलं, पंप सुरू झाला. पट्ट्याला जोडलेल्या डबीवर आकडे पळू लागले. तीन. पाच. गेजचा काटा चारवरच. सात. साडेआठ. आणि पाइप तर सहापर्यंतच दाब सोसणारा.

“परतीचा वॉल खोला, काका.”

लगदा मागे टाकीत सोडणाऱ्या त्या वॉल्व्हचं चाक काकांनी फिरवलं. आठ. सात. साडेपाच. त्यांनी उगीच अर्धा फेरा उलटा दिला. आकडा लगेच वर. पुन्हा सुलटा; आकडा खाली. म्हातारा खुदकन हसला, आणि मग पाइपापासून एक पाऊल मागे सरला.

“साडेआठ,” ते म्हणाले. “अन् मी याच्याच बाजूला बसून डबा खायचो.”

साहेबांनी दुसऱ्या भोकासाठी आणलेलं ड्रिल मशीन उचलून ठेवायला सांगितलं.

सुट्टीचा भोंगा झाला. रंजितानं शेंदूर बांधलेल्या गमछ्याची गाठ एकदा घट्ट केली, आणि घराकडची रिक्षा जाऊ देऊन ती तापीच्या राजघाटाकडच्या रिक्षात बसली.