बांबूच्या कोंबावरची पांढरी पूड

क्योतोजवळच्या त्या कारखान्यात उकडलेले बांबूचे कोंब पाकिटांत भरत, आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी निशिगाकींच्या पदरात पडत. बावीस वर्षं हा माणूस वाकून माफी मागत आला होता. यंदा दोन तक्रारी चिघळल्या होत्या. तिसरी मिटली नाही तर बदली दूर उत्तरेला, होक्काइदोच्या गोदामात, असं कानबे साहेबांनी हसतहसत सांगून ठेवलं होतं.

तिसरी तक्रार हायामिझू बाईंची: कोंबावर पांढरी बुरशी.

निशिगाकी मिठाईचा खोका घेऊन त्यांच्या दारात गेले आणि रिवाजाप्रमाणे आधी माफी मागून मोकळे झाले. मग म्हणाले, "बाई, ती बुरशी नाही हो. टायरोसिन आहे, प्रथिनांतलाच एक घटक. कोंबातच असतं, उकडून गार झालं की पांढरं दिसतं."

"बुरशी नाही? मग माफी कसली मागितलीत?"

हे बावीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. घाबरून त्यांनी होतं नव्हतं ते ज्ञान पाजळलं. "चांगलंच असतं ते! मेंदूला तरतरी देणारी रसायनं शरीर त्याच्यापासूनच बनवतं. कातडीचा रंगसुद्धा."

"रंग?" बाईंचा हात गालाकडे गेला. "अकरा वर्षं मी छत्रीशिवाय कपडे वाळत घातले नाहीत! आणि तुम्ही जेवणातून रंग पाठवता?"

"अहो, ते टोफूतही असतं, माशांत, अंड्यांत…"

"म्हणजे टोफूसुद्धा बंद!"

दार लागलं. खोका मात्र बाईंनी ठेवून घेतला.

कारखान्यात बैठक बसली. "बुरशीची तक्रार होती, तुम्ही रंगाची करून आणलीत," कानबे साहेब म्हणाले. "आणि माफी मागितलीत म्हणजे चूक झालीच. उद्यापासून पूड धुऊन काढा."

चूक नव्हतीच, हे निशिगाकींच्या ओठांवर आलं होतं. "हो, साहेब," ते म्हणाले. स्वतःचाच इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

हिवाळ्यात होक्काइदोच्या गोदामात त्यांना एक पार्सल आलं. आत काचेची बाटली, तळाशी पांढरी पूड, आणि त्यांच्याच कारखान्याचा नवाकोरा छाप: 'तल्लख मेंदूसाठी शुद्ध टायरोसिन'. सोबत चिठ्ठी होती.

"त्या दिवशी तुम्ही फारच गोंधळला होतात, म्हणून हे पाठवतेय. आमचे हे रोज घेतात, त्यांना रंगाचं काय! कोंब आता अगदी स्वच्छ येतात. तेवढी बुरशी आधीच कबूल केली असतीत, तर ही वेळ आली नसती. हायामिझू."

निशिगाकींना हसावं की रडावं कळेना. गोदामात दुसरं कुणी नव्हतं. तरी सवयीनं ते बाटलीसमोर वाकले आणि म्हणाले, "चुकलं, बाई."