एका रात्रीत कुरकुरीत

"नाही दिसत गं, म्बाक. आत्ताच बघितलं. अजून नाहीच."

वुर्यानीने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता आणि दोन्ही हातांनी ती दुसऱ्याच कुणाच्या ब्लॉगचे मथळे दुरुस्त करत होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि तिला 'म्बाक', म्हणजे ताई, म्हणणाऱ्या पलीकडच्या बाईंचा हा आजचा चौथा फोन होता.

"बू," वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं ती म्हणाली, "तुमचं पान मी काल दुपारी सर्च इंजिनकडे पाठवलं. काल! आता त्यांचं यंत्र येणार, पान वाचणार, नोंद करणार, मग ते दिसणार. याला दिवस लागतात."

"किती?"

"चार. दहा. कधी महिनासुद्धा."

"मग तू तिथे बसून करतेस काय?"

वुर्यानीने फोन ठेवला आणि कपाळ चोळलं. हाच प्रश्न तिची आई गेली बारा वर्षं विचारत होती. सोलो शहरात मोटारसायकलींच्या सुट्या भागांच्या दुकानावर ती काम करायची ते पाच टेबलांचं ऑफिस होतं. लोक ब्लॉग लिहायचे, ते कुणाला सापडायचे नाहीत, आणि ते सापडावेत यासाठी जे काही करावं लागे ते वुर्यानी करायची. मथळे बदलायचे, पानांची यादी सर्च इंजिनला कळवायची, तुटलेल्या लिंका जोडायच्या, आणि मग वाट बघायची. वाट बघणं हेच मुख्य काम. ते यंत्र कुणाचं ऐकत नसे, कुणाला कारण सांगत नसे आणि त्याला फोनही करता येत नसे. त्यामुळे त्याच्यावरचा सगळा राग लोक वुर्यानीवर काढत. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला आपण एखाद्या मोठ्या साहेबाच्या दाराबाहेर बसवलेला शिपाई आहोत असं वाटू लागलं होतं.

त्यात या सार्तिनाबाई. वोनोगिरीच्या दक्षिणेला डोंगरातल्या एका गावात राहणाऱ्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेल्या. भाचीने कुठेतरी ऑफिसची जाहिरात पाहून त्यांना नंबर दिला होता. त्यांना एकच पान वर आणायचं होतं. डोंगरात उगवणाऱ्या गादुंग नावाच्या कंदाचे तळलेले काप कसे करायचे, याचं. आणि त्या पानाचा मथळा होता, 'टिपण ३१'.

"बू, 'टिपण ३१' असं कोण शोधणार?" वुर्यानीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"ज्याने टिपण तीस वाचलं असेल तो."

"आणि तीस कुणी वाचलंय?"

"ते तू मला शोधून सांग. त्याचेच तर पैसे घेतलेत तुम्ही."

आठवडा गेला. पान दिसेना. रोज चार-पाच फोन. एवढा काय कापांचा सोस, वुर्यानी मनात चडफडत होती. म्हातारपणी नाव व्हावं असं वाटत असेल, दुसरं काय! शेवटी वैतागून तिने बाईंच्या ब्लॉगच्या आतली सगळी सेटिंग्ज तपासायला घेतली, आणि तिसऱ्याच पडद्यावर तिला ती चौकट दिसली. 'सर्च इंजिनांनी हा ब्लॉग पाहू नये.' चौकटीत बरोबरची खूण. पाच वर्षांपूर्वीची.

या वेळी तिनेच फोन लावला.

"बू, ही खूण कुणी केली?"

"कुठली? हां, ती. मीच. ब्लॉग सुरू करताना त्याने विचारलं, परक्यांना दाखवू का? म्हटलं, कशाला? मी आपली माझ्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी लिहिते."

वुर्यानीचा आवाज चढला. "म्हणजे दाराला आतून कडी घातलीत, आणि मला रोज फोन करून विचारताय, पाहुणे का येत नाहीत म्हणून!"

"मग आधी नाही का बघायचं? तू शिकलेली ना यातली?"

बाईंचं बरोबर होतं. ती चौकट सगळ्यात आधी बघायची असते.

तिने खूण काढली. पाच दिवसांनी बाईंची टिपणं एकेक करून दिसू लागली. पावसाचं पाणी साठवण्याच्या टाकीवरचं दिसलं, पेन्शन कचेरीतल्या हेलपाट्यांवरचं दिसलं, पाढे न येणाऱ्या मुलांवरचं दिसलं. फक्त एकतिसावं दिसेना. वुर्यानीने त्या पानाची स्थिती उघडून पाहिली. सर्च इंजिनाचं म्हणणं होतं की हे पान नक्कल आहे, अस्सल दुसरीकडे आहे, आणि अस्सल आम्ही आधीच दाखवतो आहोत.

"नक्कल?" सार्तिनाबाई म्हणाल्या. "उद्या येते मी," आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळच्या बसने आल्या. बुटक्या, काटक, डोक्याला इस्त्री केलेला स्कार्फ, हातात कापडी पिशवी. जिना चढून आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. पिशवीतून घडी केलेला छापील कागद काढला आणि वुर्यानीच्या टेबलावर हाताने सपाट केला.

"हे तुझं अस्सल. माझ्या कुणा विद्यार्थ्याकडे गेलेलं माझंच लिहिलेलं उचललंय आणि कापून अर्धं केलंय. खाली माझं नाव मात्र ठेवलंय. वाच. 'कृती : निवृत्त शिक्षिका सार्तिना यांची.' गादुंगला विष असतं, म्बाक. काप करायचे, राख चोळायची, उन्हात वाळवायचे, मग तीन दिवस वाहत्या पाण्यात ठेवायचे. माझी आई असंच करायची. यांनी राख काढली, दिवस काढले. एक रात्र भिजवा आणि तळा, म्हणे."

"मग..."

"मग पोनोरोगोच्या एका घरात प्रार्थनेनंतरच्या जेवणात असे काप वाढले. सहा जणांना उलट्या झाल्या. आठ वर्षांची एक मुलगी चार दिवस दवाखान्यात होती. तिच्या बापाने आमच्या शाळेतून माझा नंबर काढला. काय काय बोलला, ते मी तुला सांगणार नाही. मी नुसतं हो, हो म्हणत राहिले. मी 'एक रात्र' असं लिहिलं नव्हतं, हे त्याला कसं दाखवणार? माझं पान कुठे होतं?"

वुर्यानीचं लक्ष कागदावरच्या मथळ्याकडे गेलं. 'गादुंगचे काप : एका रात्रीत कुरकुरीत!'

कागदावर वर पाककृतींच्या एका मोठ्या साइटचं नाव होतं. ती साइट ऑफिसची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक होती, आणि तो मथळा वुर्यानीने लिहिला होता. आठ महिन्यांपूर्वी. त्या साइटच्या लेखकाने पाठवलेल्या मजकुरात 'चांगलं भिजवा' एवढंच मोघम होतं. लोक काय टाइप करून शोधतात याची यादी तिच्यासमोर होती आणि यादीत वर होतं, 'गादुंग झटपट', 'गादुंग एका रात्रीत'. तिने तेच शब्द मथळ्यात घातले. मग लेखकाने मथळ्याला शोभेल असा मजकूर कापला असणार. पंधरा दिवसांत पान पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या दिवशी बॉसने सगळ्यांसाठी गरम मार्ताबाक मागवलं होतं आणि पहिला तुकडा तिच्या हातात दिला होता.

गप्प बसता आलं असतं. बाईंना कधीच कळलं नसतं.

"बू," ती म्हणाली, "हा मथळा माझा आहे. मी लिहिलाय. ते पान वर मीच नेलं."

सार्तिनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. वर्गात उभं केलेल्या पोराकडे बघावं तसं, राग नाही, पण सुटकाही नाही.

"तू गादुंग कधी सोललंयस?"

"नाही. इथे पिशवीत तळलेलं मिळतं, तेवढंच."

"न बघता लिहिलंस."

"हो."

"मग आता पूस."

वुर्यानी उठून बॉसकडे गेली. हांदारू तिच्याहून दहा वर्षांनी लहान, माणूस वाईट नव्हता, पण कुठल्याही गोष्टीला तो 'मेल टाकू' म्हणायचा.

"मेल टाकू ना त्यांना," तो म्हणाला. "आठवडाभरात बघतील."

"आठवडाभर? बॉस, लोक आजारी पडतायत."

"अगं, पण एकदम काढा कसं म्हणणार? त्यांचं चालतं पान आहे ते. रोज बाराशे माणसं येतात त्याच्यावर."

"तेच तर सांगतेय! रोज बाराशे माणसं!"

"हे बघ, म्बाक वुर्यानी, आपण काही लिहीत नाही. आपण फक्त सापडवून देतो."

बारा वर्षं तीही लोकांना हेच सांगत आली होती. आज ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला किळस आली. ती परत आपल्या टेबलाशी आली. त्या साइटचे पासवर्ड तिच्याकडे होते, रोजच लागायचे. तिने ते पान काढून टाकलं आणि त्याच्या पत्त्यावर अशी व्यवस्था केली की तिथे येणारा प्रत्येक माणूस आपोआप सार्तिनाबाईंच्या पानावर जावा. एवढ्याला चार मिनिटं लागली. मग तिने बाईंसाठी शेजारची खुर्ची ओढली.

"बसा. आता तुमचा मथळा. 'गादुंग एका रात्रीत खाऊ नका.'"

"छे! ते 'एका रात्रीत' माझ्या पानावर नको. चुकीचं आहे ते."

"बू, माणसं चुकीच्याच शब्दांनी शोधत येतात. कुणी 'तीन दिवस' शोधत नाही. ज्याला माहीत आहे तो शोधेल कशाला? जिथे ती येतात तिथेच तुम्हाला उभं राहावं लागेल."

बाईंनी बराच विचार केला. "बरं. पण टिपण एकतीस राहील."

"कशाला पण?"

"माझं एकतिसावं आहे म्हणून."

वुर्यानीने डोळे मिटून घेतले, सुस्कारा टाकला आणि लिहिलं, 'गादुंग एका रात्रीत खाऊ नका : टिपण ३१.' त्याखाली बाईंनी एकेक दिवस सांगितला आणि तिने उतरवून घेतला. राख कुठल्या लाकडाची, काप किती जाड, वाहतं पाणी नसेल तर ते किती वेळा बदलायचं. दोन ठिकाणी बाईंनी तिला खोडायला लावून पुन्हा लिहायला लावलं. चक्कर आली, तोंडाला मुंग्या आल्या तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठा, हे वाक्य वुर्यानीने सगळ्यात वर नेऊन ठेवलं.

तिसऱ्या दिवशी साइटवाल्यांच्या लक्षात आलं. हांदारूने तिला बोलावून सगळं पूर्ववत कर म्हटलं. ती नाही म्हणाली. तो स्वतः करायला बसला, तेव्हा तिने सार्तिनाबाईंनी आणलेला कागद आणि त्यांच्याकडून घेतलेला पोनोरोगोच्या त्या बापाचा नंबर त्याच्यासमोर ठेवला. "करा. पण आधी यांना फोन लावून सांगा की करतोय." त्याने कागद वाचला. नंबर फिरवला नाही. साइटवाल्यांनाही ती हकीकत कळल्यावर पान परत लावण्याची हिंमत झाली नाही. पण काम त्यांनी काढून घेतलं आणि महिनाअखेरीस हांदारूने वुर्यानीला सांगितलं की आता तिला ठेवणं परवडणार नाही. हे सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. तिने टेबलाच्या खणातून चष्म्याची डबी, चहाचा कप आणि गुडघ्याला लावायचं मलम काढलं. बारा वर्षांत तिथे तिचं एवढंच सामान जमलं होतं.

"आता दिवसभर काय करणार?" आईने विचारलं. वुर्यानी खेकसली, "शोधणार."

त्यानंतर आठवड्याने सार्तिनाबाईंचा फोन आला.

"दिसतंय गं! सगळ्यात वर दिसतंय. पण एक घोटाळा झालाय. तू ये."

आता काय आणखी, असं पुटपुटत वुर्यानी बसमध्ये बसली. डोंगरातल्या त्या घराच्या ओसरीवर सार्तिनाबाई फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चहा ओतेपर्यंत तो दोनदा वाजला.

"पानाखाली मी माझा नंबर घातलाय," बाई म्हणाल्या. "कुणाला अडलं तर विचारावं म्हणून. कसा घातला ते विचारू नकोस, अर्धा दिवस गेला."

"बू! असा नंबर कुणी घालतं का? सगळा देश फोन करेल आता!"

"करतोच आहे."

"काढते मी. द्या इकडे."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. बाईंनी तिला हातानेच थांबवलं आणि फोनचा आवाज मोठा केला. पलीकडे मादुरा बेटावरची कुणी तरुण बाई होती, मागे तान्हं मूल रडत होतं.

"काल रात्री भिजत घातलेत. आता तेल तापलंय. टाकू का?"

"आधी चूल बंद कर," सार्तिनाबाई म्हणाल्या. "केलीस? कढई खाली उतरव. हं. आता मी सांगते ते नीट ऐकायचं आणि मला परत म्हणून दाखवायचं. घाई नाही."

वुर्यानीने नंबर काढण्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. ओसरीच्या कडेला वाळत घातलेल्या कापांवर राखेचा करडा थर होता. पलीकडची बाई अडखळत म्हणत होती, राख, मग ऊन, मग पाणी, एक दिवस...

"चुकलं," सार्तिनाबाई म्हणाल्या. "पुन्हा. पाणी किती दिवस?"

आणि तिला दिसत नाही हे विसरून त्यांनी आपला सुरकुतलेला हात उंच केला, तीन बोटं ताठ उभी धरली, आणि उत्तर येईपर्यंत तशीच धरून ठेवली.